रिकाम्या जागा भरा

तर झालं असं, की वयाच्या ३९व्या वर्षी अस्मादिकांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. घरी गेमिंग पीसी हवा. आणि तो आयता नाही, एकेक भाग निवडून, स्वतःच्या हातांनी जोडलेला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? १७ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला हा तर हातचा मळ. साफ चूक! आमचं अख्खं आयुष्य कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर गेलं. तो बिघडला की तिकीट टाकायचं आणि चहाला जायचं. झाकणाच्या आत काय असतं ते आयटी सपोर्टवाल्याला ठाऊक. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तरी बाकीचे भाग पटापट ठरले. प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, रॅम ३२ जीबी, १ टीबीची एसएसडी. सगळं मिळून ९० हजारांच्या आसपास बसवायचं, असा गृहखात्याशी करार झाला होता. ही गोष्ट ऑगस्ट २०२४ मधली. गाडी अडली ती मदरबोर्डपाशी. आणि अडली ती थेट दसऱ्यापर्यंत.

अडचण अशी, की बाकी प्रत्येक भागाला एक आकडा असतो. ग्राफिक्स कार्ड अमुक गेम अमुक फ्रेम्सने चालवतं, एसएसडी सेकंदाला इतके मेगाबाइट वाचते. मदरबोर्डला असा आकडाच नाही. प्रोसेसर आणि कार्ड तेच ठेवून बोर्ड स्वस्तातला लावा नाहीतर महागातला, बोर्ड अगदीच भिकार नसेल तर गेममध्ये फरक जवळजवळ शून्य. मग ९ हजारांचा बोर्ड आणि ३२ हजारांचा बोर्ड यात २३ हजार रुपये नेमके कशाचे?

आमच्या टीममधलं शेंडेफळ (वय वर्षं २५, तीन पीसी जोडल्याचा अनुभव) म्हणालं, "दादा, बोर्डावर पैसे जाळू नकोस. सगळ्यात स्वस्त घे आणि उरलेले जीपीयूवर टाक." बोलणं तर्काला धरून होतं. पण मी एक्सेल उघडली की माझं बोट आपोआप त्या ३२ हजारवाल्या ओळीवर जायचं. चार रॅम स्लॉट, चार एम.२ स्लॉट, मागे यूएसबीच्या भोकांची चाळणी. यातलं निम्मंही मला लागणार नव्हतं, हे कळत होतं. पण वळत नव्हतं.

याचं मूळ शोधायला तुम्हाला २००३ सालच्या बदलापूरला न्यावं लागेल.

त्या वर्षी मला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि बाबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. बाबा एका खासगी कंपनीत अकाउंट्सला होते. माझं कॉलेज बुडू नये म्हणून ते एकटेच लॅमिंग्टन रोडला गेले, पैसे भरून आले, आणि दोन दिवसांनी दुकानातला एक मुलगा खोकी घेऊन घरी येऊन सगळं जोडून गेला. पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, १५ इंची पोटवाला मॉनिटर आणि खाली एक यूपीएस. आईने कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, ते 'एंटर'च्या फटीत पुढे दोन वर्षं होतं.

त्या मशिनवर व्हाइस सिटी रडतखडत का होईना चालायचा. पण २००४ मध्ये एका मित्राच्या हॉस्टेलवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' पाहिला आणि आम्ही खलास! भिंतीवरून धावणारा तो राजपुत्र, आणि चुकलं की वेळ मागे फिरवायची सोय. सीडी घेऊन घरी आलो. गेम सुरूच होईना. आमच्या मशिनचं ग्राफिक्स मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये होतं आणि या गेमला लागणारं पिक्सेल शेडर नावाचं प्रकरण त्याच्या गावीही नव्हतं. वेगळं कार्ड टाकणं आलं.

मग आठ महिने दहावीच्या दोन मुलांना गणित शिकवलं आणि ३,२०० रुपये साठवले. डिसेंबर २००४ मधल्या एका शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून जीफोर्स एफएक्स ५२०० घेतलं, एजीपी, १२८ एमबी. बदलापूर येईपर्यंत खोकं मांडीवर. घरी आल्यावर शर्टसुद्धा न बदलता कॅबिनेटचं झाकण उघडलं. बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते.

एजीपीचा स्लॉट तपकिरी असतो, हे मासिकं वाचून मला पाठ होतं. आत बघतो तर तीन पांढरे पीसीआय स्लॉट, आणि त्यांच्या वर, जिथे तपकिरी स्लॉट असायला हवा, तिथे नुसती सोल्डरच्या बारीक ठिपक्यांची रांग. जागा होती. जागेच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत एजीपी असं छापलेलंसुद्धा होतं. फक्त स्लॉट नव्हता.

पुढे कळलं ते असं. इंटेलच्या ८४५ या चिपसेटची बरीच भावंडं होती. ८४५जी घेतलात तर बोर्डवरचं ग्राफिक्सही मिळायचं आणि एजीपी स्लॉटही. ८४५जीएल आणि ८४५जीव्ही ही त्यातली स्वस्त भावंडं, त्यांना एजीपी नव्हतंच. काही बोर्डांवर तर नकाशा तोच ठेवून फक्त स्लॉट गाळलेला असायचा. आमचा बोर्ड त्यातला होता. बोर्डाचं खोकं बघून एका अक्षरावरून कळलं असतं. पण ते अक्षर बघायचं असतं, हे कळायला मला ३,२०० रुपये मोजावे लागले.

कार्ड हॉस्टेलवरच्या मित्राला २,६०० ला विकलं. बाबा त्या संध्याकाळी काहीच बोलले नाहीत, पेपरचं पान उलटलं फक्त. आणि मी निष्कर्ष काढला, की दुकानदाराने आमच्या भोळ्या बाबांना गंडवलं. पुढची २० वर्षं ही गोष्ट मी कॉलेजात, ऑफिसात, बायकोला, सासुरवाडीला सांगत आलो. चांगली रंगायची.

तर ३२ हजारवाल्या ओळीवर जाणारं बोट हे त्या १९ वर्षांच्या पोराचं होतं. आता परत कुठलाही स्लॉट कमी पडता कामा नये!

पण २००३ आणि २०२४ मध्ये एक फरक होता. या वेळी मी बोर्डाचं मॅन्युअल आधी वाचणार होतो. गणपतीपर्यंतच्या तीन शनिवार-रविवारी तेच केलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल.

पहिली गोष्ट सॉकेट. प्रोसेसर बसतो ती जागा. बोर्ड घेताना खरं तर तुम्ही पुढच्या काही वर्षांत येणाऱ्या प्रोसेसरांशी सोयरीक करत असता. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घ्या. २०१७ साली पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर, बायोस अपडेट करून, २०२२ साली आलेला ५८००एक्स३डी बसला. पाच वर्षांनी बोर्ड तोच, प्रोसेसर नवा. त्याच २०२२ च्या सप्टेंबरात एएम५ आलं आणि २०२७ पर्यंत आणि पुढेही ते चालू ठेवू, असं एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केलं. इंटेलचं एलजीए१७०० हे सॉकेट २०२१ ते २०२३ अशा तीन पिढ्या चाललं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचं नवं सॉकेट आलं. माझी निवड इथे सोपी झाली. एएम५.

दुसरी गोष्ट चिपसेट. ए६२०, बी६५०, एक्स६७० ही त्या वेळच्या एएम५ बोर्डांची बारशाची नावं. ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, बी६५० आणि एक्स६७० वर येतो. एक्स६७० मध्ये एकाऐवजी दोन चिप असतात, म्हणून जास्त यूएसबी, जास्त एम.२. नावापुढे 'ई' असेल तर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआयई ५.० चा. ऐकायला भारी. पण आरटीएक्स ४०६० हे कार्डच मुळात पीसीआयई ४.० चं, आणि तेही १६ पैकी आठच लेन वापरणारं. म्हणजे आठ पदरी रस्ता बांधायचा आणि त्यावरून स्कूटी चालवायची.

तिसरी गोष्ट व्हीआरएम, आणि पैसे खरे इथे लागतात. एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला हवे असतात साधारण सव्वा व्होल्ट. हे उतरवायचं काम सॉकेटच्या शेजारचं सर्किट करतं. ७६०० हा कागदावर ६५ वॅटचा असला तरी जोरात असताना ८८ वॅटपर्यंत खेचतो. ८८ ला १.२ ने भागा, ७० अँपिअरच्या वर जातं. आपल्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो हे आठवलं की छातीत धस्स होतं. एएम५ चे सगळ्यात तगडे प्रोसेसर तर २३० वॅटपर्यंत जातात. म्हणजे आज ७६०० लावणाऱ्याला साधा बोर्ड पुरतो, पण चार वर्षांनी मोठा प्रोसेसर टाकायचं मनात असेल तर व्हीआरएमवर बऱ्यापैकी धातूचा हीटसिंक असलेला बोर्ड आजच घ्यायला हवा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचंच तापमान ३५ च्या घरात असतं, हे विसरू नये.

चौथी गोष्ट रॅमचे स्लॉट. इथे माझी मोठी गंमत झाली. मला वाटायचं चार स्लॉट म्हणजे पुढची सोय. आज दोन भरू, नंतर दोन. पण रायझन ७००० मालिकेत डीडीआर५ च्या दोन कांड्यांना अधिकृत वेग ५२०० मिळतो, आणि चारही स्लॉट भरले की तो ३६०० वर येतो. म्हणजे रिकामी जागा आहे, पण ती भरली की घरातलेच सगळे हळू चालायला लागणार. त्यापेक्षा सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन कांड्या घ्याव्यात आणि चार स्लॉटांचा मोह सोडावा.

पाचवी गोष्ट लांबडे स्लॉट. बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाचे दोन-तीन स्लॉट दिसतात. त्यातला पहिला खरा १६ लेनचा. बाकीच्यांचा आकार तेवढाच, पण आत तारा चारच, कधीकधी तर एकच. हे फोटोत दिसत नाही, मॅन्युअलच्या तक्त्यात दिसतं. काही बोर्डांवर एक एम.२ भरला की दुसरं काहीतरी बंद होतं, तेही तिथेच बारीक अक्षरांत.

सहावी गोष्ट मागच्या बाजूचं एक छोटं बटण, बायोस फ्लॅशबॅक. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असला तर बोर्ड त्याला ओळखत नाही, आणि ओळख करून द्यायला बायोस अपडेट करावं तर मशिन सुरू होत नाही. या बटणाने पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर नसतानाही अपडेट होतं. पाच वर्षांनी नवा प्रोसेसर टाकायचा बेत असेल तर हे असलेलं बरं.

इतका अभ्यास झाला आणि तरीही मी ठरवू शकलो नाही. ३२ हजारवाल्यातल्या निम्म्या गोष्टी निरुपयोगी आहेत हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं, तरी! एक्सेल तशीच बगलेत मारून आम्ही ७ सप्टेंबरला गणपतीसाठी बदलापूरला गेलो.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, "काय चाललंय रे लॅपटॉपवर? सुट्टी आहे ना?" मी सांगितलं, कॉम्प्युटर जोडतोय, मदरबोर्ड ठरत नाहीये. बाबा आता ७२ वर्षांचे. मला वाटलं, "बरं" म्हणून वामकुक्षीला जातील. त्यांनी चष्मा लावला, माझ्या शेजारी बसले, तक्ता वरून खालपर्यंत नीट बघितला आणि विचारलं,

"यात एजीपी आहे का?"

मी गारच पडलो. हा शब्द २० वर्षांत आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

"बाबा, एजीपी कधीच गेलं. २००४ सालीच पीसीआय एक्सप्रेस आलं. पण तुम्हाला कसं आठवतं?"

बाबा उठले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून हिशोबाच्या वह्या काढल्या. बाबांच्या वह्या म्हणजे दरवर्षी एक, खाकी कव्हर, लाल शाईत साल. २००३ ची सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जुलैच्या एका पानावर, उभी रेघ मारून, कॉम्प्युटरचे दोन भाव लिहिले होते. डावीकडे '८४५जी, एजीपीसह'. उजवीकडे '८४५जीव्ही, एजीपी नाही'. फरक १,४०० रुपये. उजवीकडच्या बेरजेखाली आणखी एक ओळ होती, 'यूपीएस १,४५०', आणि त्यापुढे बरोबरची खूण.

"तो दुकानातला मुलगा चांगला होता," बाबा म्हणाले. "त्याने सगळं समजावून सांगितलं. म्हणाला, काका, हा स्लॉट खेळायला लागतो, अभ्यासाला लागत नाही. नंतर बसवता येणार नाही हेही सांगितलं. पतपेढीने मंजूर केलेली रक्कम संपली होती. दोन्हींतलं एकच बसत होतं. मी म्हटलं, आपल्याकडे दिवे जातात. याचं काहीतरी लिहिलेलं उडालं तर?"

दिवे जायचेच. त्या काळात बदलापूरला लोडशेडिंग म्हणजे रोजचं. शेवटच्या वर्षीचा माझा प्रोजेक्ट रिपोर्ट त्या यूपीएसच्या टीट-टीट आवाजात किती वेळा सेव्ह केला असेल, त्याची गणतीच नाही. तो यूपीएस घरात कुठून आला, हा प्रश्न मला कधी पडलाही नव्हता.

"मग त्या दिवशी मी कार्ड घेऊन आलो, तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. पण तू इतका..." बाबा थांबले. "आठ महिने शिकवण्या केल्या होत्यास. म्हटलं, दुकानदारावर राग काढतोय तर काढू दे."

आई आतून म्हणाली, "त्यांना त्या रात्री झोप नव्हती."

मी वही बघत बसलो. २० वर्षं मी एक गोष्ट सांगत होतो, तिच्यातला दुकानदार लबाड आणि बाबा भोळे. प्रत्यक्षात दुकानातल्या पोराने सगळं खरं सांगितलं होतं आणि बाबांनी, ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, त्यांनी दोन बोर्डांमध्ये नेमका फरक काय आणि तो आपल्याला लागतो का, हे माझ्यापेक्षा चांगलं विचारलं होतं. (त्या अनामिक असेंबलरची इथे जाहीर माफी मागतो. भाऊ, तू जिथे असशील तिथे सुखी राहा.)

बाबांचा निर्णय बरोबर होता का? माझ्यातला १९ वर्षांचा पोरगा अजूनही म्हणतो, नाही. आणि एका अर्थी त्याचंही खरं आहे, त्याचा राजपुत्र हुकला तो हुकलाच. पण बाबांना दिसत होतं ते भविष्य वेगळं होतं. त्यांना अंधारात बसलेला, रिपोर्ट गमावलेला मुलगा दिसत होता. १,४०० रुपयांत एकच भविष्य येत होतं, त्यांनी ते घेतलं. आणि मी? २३ हजार जास्त मोजून झाडून सगळी भविष्यं घ्यायला निघालो होतो. त्यातलं एकही नीट बघितलेलं नसताना.

संध्याकाळची आरती झाल्यावर मी वहीसारखीच एक उभी रेघ मारली. पुढच्या पाच वर्षांत मी खरोखर काय बदलणार? एकदा प्रोसेसर. एकदा ग्राफिक्स कार्ड. गेम वाढले की एक एसएसडी. बस्स. त्यासाठी हवं काय? एएम५ सॉकेट, बरा व्हीआरएम, फ्लॅशबॅकचं बटण आणि एक रिकामा एम.२. टेबल लहान, म्हणून मायक्रो-एटीएक्स, २४४ बाय २४४ मिलिमीटर. वायफाय नको, राउटर टेबलावरच आहे. असा बी६५० बोर्ड यादीत पहिल्या दिवसापासून होता, १३,५०० ला. दोन ओळींच्या मध्ये बिचारा दबून बसला होता. शेंडेफळाचा ९ हजारवालाही सुटला, कारण त्यात एकच एम.२ आणि व्हीआरएमवर हीटसिंकच नव्हता. वाचलेल्या पैशांतले थोडे चांगल्या एसएमपीएसवर घातले. बाबांनी तेवढीच एक सूचना केली होती, "विजेच्या बाबतीत काटकसर करू नकोस."

पितृपक्षात खरेदी नको, असं आईने बजावलं होतं. म्हणून नवरात्रातल्या पहिल्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. सगळ्याच फास्ट लोकल ग्रँट रोडला थांबत नाहीत हे २० वर्षांनी पुन्हा एकदा शिकलो आणि पुढे जाऊन परत उलटा आलो. दुकानात मी ऐटीत मॉडेल सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने खोकं पुढे केलं. मी त्यावरचं एकेक अक्षर वाचलं. नंतर पुन्हा एकदा वाचलं. तो हसला. हसू दे.

१२ ऑक्टोबर, दसरा. हत्यारांच्या पूजेच्या दिवशी स्क्रूड्रायव्हरची पूजा करून कामाला लागलो. आईबाबा ठाण्याला आले होते. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले, हातात पेपर. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, १७१८ केसासारख्या. एक वाकली की बोर्ड गेला. प्रोसेसर ठेवला, तरफ दाबली, ती अशी काही कुरकुरली की माझा जीव गेला (ती तशीच कुरकुरते म्हणे). वरचं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडालं, ते जपून ठेवलं, वॉरंटीला बोर्ड पाठवायचा झाला तर लागतं. रॅमच्या कांड्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी लावताना माझा चाळिशीचा चष्मा लवकरच येणार हे स्पष्ट झालं.

साडेसहाला बटण दाबलं. पंखे फिरले. आणि स्क्रीन काळी.

एक मिनिट. दोन मिनिटं. बोर्डवर रॅमच्या नावाजवळचा छोटा पिवळा दिवा लागलेला, बाकी काही नाही. माझ्या पोटात गोळा आला. अगदी तोच, डिसेंबर २००४ चा. पीसी बंद करायला हात प्लगकडे गेला.

"थांब जरा," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "दिवा लागलाय ना? म्हणजे काहीतरी करतोय तो. करू दे त्याला."

तेव्हा मला आठवलं. हे तर वाचलं होतं! एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, ट्रेनिंग म्हणतात त्याला, आणि त्याला काही मिनिटं लागतात. सगळं वाचून पाठ होतं आणि ऐन वेळी डोक्यातून गेलं होतं. हात मागे घेतला. आणखी मिनिटभराने स्क्रीनवर बोर्डाचं चिन्ह उमटलं. बायकोने टाळ्या वाजवल्या, आईने कॅबिनेटवर झेंडूचं फूल ठेवलं (पंख्याच्या जाळीवर नको गं आई!).

आत्ता हे लिहितोय त्याच मशिनवर. कॅबिनेटच्या काचेतून तो दुसरा एम.२ स्लॉट दिसतो, अजून रिकामा. रॅमचे दोन स्लॉटही रिकामे, पण ते रिकामेच राहणार हे आता मला माहीत आहे आणि त्याचं काही वाटत नाही.

हो, राजपुत्राचा तो जुना गेमही टाकला. बाबांना दाखवला. भिंतीवरून धावला, पडला, वेळ मागे फिरवली. बाबांनी दहा मिनिटं लक्ष देऊन बघितलं आणि म्हणाले, "बरा आहे."

मग थोडं थांबून, "१,४०० रुपयांचा होता खरा."